पैनगंगा ते मोझेल : एका व्हिसावरचा प्रवास

आज मी ज्या विषयावर आपणांशी चार शब्द बोलणार आहे, तो ऐकून आमच्या आदिलाबादेतल्या पुष्कळांना वाटेल की, या निवृत्त मास्तरास म्हातारपणी तिकडची हवा लागली. तसे काही नाही. परदेशी जाऊन आलेल्या माणसाच्या ओसरीवर आजकाल एक नवाच व्याप येऊन पडतो. कुणाचा मुलगा जर्मनीत, कुणाची सून स्वीडनमध्ये, कुणाचा भाचा डब्लिनला. त्यांचे आईबाप कागदांची पिशवी घेऊन येतात आणि विचारतात, ‘गुरुजी, एका देशाचा व्हिसा घेतला की म्हणे सगळे देश फिरता येतात. खरे काय?’ या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. परंतु त्या ‘होय’मागे इतक्या अटी उभ्या आहेत की नुसते ‘होय’ म्हणून मोकळे होणे म्हणजे माणसास खड्ड्यात ढकलण्यासारखे होईल. म्हणून हा प्रपंच.

सीमा ओलांडणे ही गोष्ट आम्हा आदिलाबादकरांस नवी नाही. पैनगंगेच्या या तीरावर आम्ही, त्या तीरावर यवतमाळ जिल्हा. माझ्या आजीचे माहेर पांढरकवड्याकडचे आणि सासर जैनथच्या परिसरातले. म्हणजे मध्ये एक नदी आणि दोन राज्ये. इकडे निजामाचे संस्थान, तिकडे इंग्रजांच्या कारभाराखालचे वऱ्हाड. त्यातली गंमत अशी की वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचेच होते. १८५३ साली ते इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि १९०२ साली वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमचे पट्ट्याने दिले गेले. तेव्हा नदीच्या दोन्ही काठांवर राजा नावापुरता एकच; पण नदी उतरली की करोडगिरीचा नाका लागे, आणि मालावर शेकडा पाचाप्रमाणे जकात द्यावी लागे. नाणेही निराळे. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. माझ्या वडिलांच्या जन्माच्या वेळी आजी बैलगाडीने माहेरी निघाली तेव्हा नाक्यावरच्या शिपायाने तिचे गाठोडे सोडवून लुगडी मोजली होती. ही हकीकत ती अगदी शेवटपर्यंत रागाने सांगत असे. जकातीचा राग नव्हता. बाळंतपणास निघालेल्या बाईचे गाठोडे परक्या पुरुषाने हाताळले, हा राग.

पुढे संस्थान गेले, नाके गेले, हाली सिक्काही गेला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत या जिल्ह्यातले राजुरा आणि किनवट मुंबई राज्यात गेले आणि नांदेडकडचे मुधोळ इकडे आले. २०१४ साली तेलंगणा झाले, २०१६ साली जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. रेघा अनेकदा हलल्या; माणसे मात्र बाजाराला, लग्नाला आणि जत्रेला पूर्वीसारखीच जात-येत राहिली. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला महाराष्ट्रातून येणाऱ्या गोंड बांधवांस कुणी कागद विचारीत नाही.

आमच्याकडे लेक बाळंतपणास माहेरी येते. माझ्या लेकीच्या वेळी हे उलटे झाले. ती आणि जावई नोकरीनिमित्त नेदरलंड्समधील आइंडहोवेन या गावी राहतात. डॉक्टरांनी तिला विमानप्रवास करू नये असे सांगितले, तेव्हा माहेरच उठून लेकीकडे जायचे ठरले. लेकीचे दिवस भरण्याची तारीख मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली. त्यापूर्वी पोचलो नाही तर सगळेच व्यर्थ. तारीख आमच्यासाठी थांबणार नव्हती. साल २०२५.

आता मूळ विषयाकडे येतो. युरोपातल्या एकोणतीस देशांनी आपसातल्या सीमांवरची नेहमीची तपासणी काढून टाकली आहे आणि बाहेरच्या पाहुण्यास थोड्या दिवसांसाठी एकाच नमुन्याचा व्हिसा द्यावयाचा, असे ठरविले आहे. यालाच शेंगेन व्हिसा म्हणतात. शेंगेन हे लक्झेंबर्ग देशातील मोझेल नदीकाठचे एक खेडे. १४ जून १९८५ रोजी या गावाशी नांगरलेल्या ‘प्रिन्सेस मारी-आस्त्रिद’ नावाच्या जहाजावर फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलंड्स आणि लक्झेंबर्ग या पाच देशांनी करारावर सह्या केल्या. मोठे मंत्री त्या समारंभास फिरकले नाहीत. दुय्यम मंत्र्यांनीच सह्या उरकल्या. त्या वेळच्या युरोपीय समाजात दहा देश होते आणि त्यातले निम्मेच पुढे आले होते. प्रत्यक्ष अंमल २६ मार्च १९९५ पासून सुरू झाला. त्यानंतर एकेक देश येत गेला. क्रोएशिया २०२३ साली आला. रुमानिया व बल्गेरिया १ जानेवारी २०२५ रोजी पूर्णपणे सामील झाले.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. युरोपीय संघ आणि शेंगेन हे एकच असे आपण समजतो. तसे नाही. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड आणि लिश्टेनस्टाइन हे संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. उलट आयर्लंड आणि सायप्रस संघात आहेत, पण शेंगेनमध्ये नाहीत. ज्यांचा भाचा डब्लिनला आहे असे मी आरंभी म्हणालो, त्यांना पॅरिसचा व्हिसा दाखवून डब्लिनला उतरता येणार नाही. इंग्लंडचेही तेच.

मग एकोणतीस देशांपैकी व्हिसा मागावयाचा कोणाकडे? सर्व गोंधळाचे मूळ येथे आहे. जेथे मन मानेल तेथे, असे उत्तर नव्हे. नियम असा आहे की, ज्या देशात तुमचा मुख्य हेतू आहे किंवा जेथे तुमचे अधिक दिवस जाणार आहेत, त्या देशाच्या वकिलातीकडे अर्ज करावयाचा. सर्वत्र सारखेच दिवस असतील तर ज्या देशाच्या सीमेतून प्रथम आत शिराल त्या देशाकडे. विमान मात्र कोठेही उतरले तरी चालते. नेदरलंड्सचा व्हिसा घेऊन कोणी प्रथम पॅरिसला उतरला म्हणून गुन्हा होत नाही. पुढे आपण नेदरलंड्सलाच चाललो आहोत, हे विचारल्यास दाखविता आले पाहिजे.

आमच्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून ज्या मालमोटारी धावतात, त्यांच्या मालकांस ही गोष्ट मी चटकन समजावून देऊ शकतो. ते म्हणतात, ‘हे तर नॅशनल परमिट झाले!’ अगदी बरोबर. मोटारीचा मालक आपल्या राज्यात एकदा परवाना घेतो, एकदा फी भरतो आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत गाडी जाते. पैनगंगेच्या पुलावर तिला नवा परवाना घ्यावा लागत नाही. परंतु त्याच परवान्यावर परराज्यातल्या एका गावी माल भरून त्याच राज्यातल्या दुसऱ्या गावी उतरविण्यास मनाई आहे. तिकडचा स्थानिक धंदा तुमचा नव्हे. पर्यटकाच्या व्हिसाचेही नेमके हेच आहे. फिरा, पाहा, नातवंडे खेळवा. पण तेथे राहून पगार कमवू नका.

आता हा नियम मोडला तर काय होते, ते सांगतो. आमच्या ओळखीचे एक कापसाचे व्यापारी आहेत. त्यांचा मुलगा जर्मनीत. उन्हाळ्याच्या तोंडावर जर्मनीच्या अर्जासाठी तारीख मिळेना. एका दलालाने सांगितले, ‘शेटजी, कशाला थांबता? दुसऱ्या एका देशाची तारीख परवाचीच आहे. शेंगेन तो शेंगेन. त्यांच्या मुद्रेवर जर्मनीत उतरा.’ त्या देशातल्या हॉटेलांची दहा दिवसांची नोंदणी दलालानेच करून दिली, आणि व्हिसा हाती आल्यावर त्यानेच ती रद्द केली. शेटजी सपत्नीक थेट फ्रांकफुर्टला उतरले. तेथल्या अधिकाऱ्याने साधा प्रश्न विचारला, ‘कोठे राहणार?’ शेटजी खोटे बोलणारे गृहस्थ नव्हेत. त्यांनी मुलाचा पत्ता सांगितला. मग हॉटेलचा कागद निघाला. हॉटेलला विचारले तर नोंदणी रद्द. मुलगा बाहेर फुले घेऊन उभा, आणि आईबाप आतल्या खोलीत एका बाकावर. दुसऱ्या दिवशीच्या विमानाने त्यांना परत पाठविले, व्हिसा रद्द झाला आणि त्याची नोंद बोटांच्या ठशांसह सामाईक दप्तरात राहिली. हे दप्तर एकोणतीस देशांचे एकच आहे. तेथे एका देशाकडे झालेली लबाडी दुसऱ्या देशापासून लपत नाही.

मी हे ऐकले होते, म्हणून माझ्याही ओसरीवर तसाच एक सल्लागार येऊन ‘गुरुजी, घाबरता कशाला?’ म्हणाला तेव्हा मी त्यास चहा पाजून वाटेस लावले. खरे सांगायचे तर मोह झाला होता. नेदरलंड्सची तारीख मिळेना, एकेक दिवस जात होता आणि सौ. रोज सकाळी दिनदर्शिकेसमोर उभी राहून माझ्याकडे नुसते पाहत असे. न बोलता पाहणे हे बोलण्याहून कठीण. अखेर लेकीने रात्री जागून संगणकावर लक्ष ठेवले. कुणीतरी सोडलेली एक जागा पहाटे मिळाली. आदिलाबादहून हैदराबाद तीनशे किलोमीटर. रात्रीच्या बसने निघालो आणि सकाळी दहाला अर्ज-केंद्रात हजर झालो.

कागदांविषयी थोडे सांगतो. बाकीचे ज्याचे त्याने अर्जावर वाचावे. पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला असावा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा असावा आणि त्यात दोन कोरी पाने असावीत. आजारपणाचा विमा तीस हजार युरोंचा आणि साऱ्या शेंगेन प्रदेशात चालणारा हवा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. पंधरा दिवसांहून कमी अवधी उरला असता तो घेत नाहीत. फी प्रौढांस नव्वद युरो, ही जून २०२४ पासून. नेदरलंड्सकडे नातलगाच्या घरी राहणार असाल तर यजमानाने एक पत्रक भरून त्यावरची आपली सही तेथल्या नगरपालिकेकडून प्रमाणित करून पाठवावी लागते. आणि दहाही बोटांचे ठसे. सौ.च्या बोटांचे ठसे उमटेनात. चाळीस वर्षे भांडी घासून आणि भाकरी थापून रेषा राहतात कोठे? तेथल्या मुलीने मोठ्या धीराने तीन वेळा बोटे पुसून घेतली तेव्हा यंत्राचे समाधान झाले.

व्हिसा आला. पासपोर्टच्या पानावर चिकटविलेला एक कागद. श्रोतेहो, हा कागद वाचावयास शिकणे हेच या साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे, म्हणून येथे मी जरा रेंगाळणार आहे.

त्या कागदावर पहिली ओळ असते ती हा व्हिसा कोठे चालेल याची. तेथे ‘शेंगेन राज्ये’ असे, व्हिसा देणाऱ्या देशाच्या भाषेत, लिहिलेले असले म्हणजे तो साऱ्या एकोणतीस देशांत चालतो. क्वचित एकाच देशाचे किंवा मोजक्या देशांचे नाव असते. तसे असल्यास तेवढ्यातच फिरावे. दुसरी ओळ ‘पासून-पर्यंत’ची. माझ्या कागदावर १० एप्रिलपासून २३ जूनपर्यंत असे होते. आणि तिसऱ्या ठिकाणी मुक्कामाचे दिवस : ६०. आता आपले मन कसे चालते पाहा. तारीख २३ जून आहे ना, मग २३ जूनपर्यंत राहू! चूक. ‘पासून-पर्यंत’ ही खिडकी आहे. तिच्यातून तुम्ही साठच दिवस आत राहू शकता. आम्ही १० एप्रिललाच उतरलो. उतरण्याचा दिवस धरायचा आणि निघण्याचाही धरायचा. म्हणजे एप्रिलचे एकवीस, मेचे एकतीस, झाले बावन्न. जूनचे आठ मिळून साठ. ८ जूनला आम्ही बाहेर असलेच पाहिजे. लेक डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, ‘बाबा, कागदावर तेवीस आहे, दहा दिवस तरी राहा.’ गणिताचा मास्तर नसतो तर राहिलोही असतो.

याखेरीज एक सर्वसाधारण मर्यादा आहे. कोणत्याही १८० दिवसांच्या काळात साऱ्या शेंगेन प्रदेशात मिळून नव्वद दिवसांहून अधिक राहता येत नाही. ‘फ्रान्समध्ये नव्वद संपले, आता इटलीत नव्वद’ असा हिशेब नाही. सारे देश मिळून एकच घर. ओसरीवरून माजघरात गेला म्हणून पाहुण्याचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजत नाहीत. आम्ही गेलो तेव्हा शिक्का मारीत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने यंत्राने नोंद होऊ लागली. तेव्हा पुसट शिक्क्याच्या आडोशाने दोन दिवस अधिक काढण्याचा मार्गही राहिला नाही.

चौथी गोष्ट म्हणजे किती वेळा आत येता येईल याचा आकडा. येथे ०१, ०२ किंवा अनेक वेळा अशी खूण असते. हा आकडा फार लहान छापलेला असतो आणि त्यावर माणसे ठेचाळतात. माझेच पाहा. आमचे व्याही नांदेडचे. तेही पत्नीसह नातवाचे मुख पाहावयास आले होते. गृहस्थ हौशी. त्यांनी काढले की, इस्तंबूलचे विमान स्वस्त आहे, आपण दोघे चार दिवस जाऊन येऊ. तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही. परंतु चालू शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयास तुर्कस्तानचा व्हिसा घरबसल्या संगणकावर मिळतो. अशी सोय इतरही काही देश देतात. एका देशाच्या व्हिसाची पत पाहून दुसरा देश दार उघडतो. सावकाराने ज्याला उधार दिले त्याला वाणीही देतो, तशातला प्रकार. मी जवळजवळ तिकीट काढले होते. रात्री सहज पासपोर्ट उघडला आणि पाहिले तर माझ्या कागदावर ०१. म्हणजे इस्तंबूलला गेलो असतो खुशाल, पण परत आइंडहोवेनला येणे बंद! सौ. लेकीजवळ, आणि मी तुर्कस्तानातून परस्पर हैदराबादेस. व्याह्यांचा व्हिसा मात्र अनेक प्रवेशांचा होता, कारण ते पूर्वी दोनदा जाऊन नियमाने परत आलेले. २०२४ च्या एप्रिलपासून भारतीयांसाठी अशी सवलत आहे की, मागील तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा आणि अनेक प्रवेशांचा मिळू शकतो, त्यानंतर पाच वर्षांचा. व्याही एकटेच इस्तंबूलला गेले. मी पाळण्याची दोरी ओढीत बसलो. त्याचे मला वाईट वाटले नाही, हेही सांगून टाकतो.

मुलगा झाला तो मे महिन्याच्या चौथ्या दिवशी. तिकडे बाळंतिणीच्या घरी आठ-एक दिवस एक शिकलेली परिचारिका येते; ती बाळास न्हाऊ घालण्यापासून सारे पाहते आणि खर्च बहुतांशी विम्यातून निघतो. आमच्या सौ.ने आणलेला डिंक, अळीव आणि शेगडी पाहून त्या बाईंची आणि तिची पहिले दोन दिवस चांगलीच जुंपली. भाषा एकीची डच, दुसरीची आदिलाबादी मराठी. तिसऱ्या दिवशी दोघी मिळून अळिवाची खीर खात होत्या.

बारसे झाल्यावर मी आणि व्याही दोन दिवसांसाठी बाहेर पडलो. मला ते शेंगेन गाव पाहावयाचे होते. आइंडहोवेनहून मास्त्रिख्त, तेथून बेल्जियममधील लिएज, तेथून लक्झेंबर्ग. आगगाडीत मी खिडकीला नाक लावून बसलो होतो, सीमा कोठे लागते ते पाहावयास. लागली केव्हा ते कळलेच नाही. फलाटावरच्या पाट्यांची भाषा बदलली तेव्हा ध्यानात आले. या तीन देशांनी तर शेंगेनच्याही आधी, १९६० सालीच आपसातली तपासणी सोडून दिली होती. लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून बस व आगगाडी सर्वांस फुकट आहे. आपण परके आहोत आणि तिकिटावाचून बसलो आहोत, या कल्पनेने मी शेंगेन येईपर्यंत अवघडून बसलो होतो.

गाव लहानसे. उतारावर द्राक्षांचे मळे, खाली मोझेल. मोझेलच्या पलीकडे जर्मनीचे पेर्ल गाव, आणि थोडे वर गेले की फ्रान्सचे आपाख. नदीचे पात्र लक्झेंबर्ग व जर्मनी यांचे सामाईक आहे, म्हणजे पाणी दोघांचे. एक संग्रहालय आहे. त्यात निरनिराळ्या देशांच्या सीमा-शिपायांच्या टोप्या मांडून ठेवल्या आहेत. त्या टोप्या पाहताना मला आजीच्या गाठोड्याची आठवण झाली. व्याही म्हणाले, ‘आपल्या नाक्यांवरच्या टोप्याही कुणी जपून ठेवायला हव्या होत्या.’ १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि राज्याराज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले. आमच्या भोरजच्या नाक्यावर ज्यांनी मालमोटारींच्या रांगांत रात्री काढल्या, त्यांना व्याह्यांचे म्हणणे पटेल.

आम्ही पूल चालत ओलांडला आणि जर्मनीत गेलो. दुसऱ्या दिवशी ट्रियरला जाणाऱ्या गाडीत पोलीस चढले आणि त्यांनी पासपोर्ट मागितले. म्हणजे दारे नाहीत असे म्हणतात ती अगदीच नाहीत असे नव्हे. १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या साऱ्या भू-सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली होती. करारातच अशी तात्पुरती मुभा ठेवलेली आहे. आमचे पासपोर्ट खिशात होते, पोलिसाने मान लववली आणि तो पुढे गेला. पण पलीकडच्या बाकावरच्या एका तरुणाने पासपोर्ट मुक्कामी ठेवला होता. त्याला पुढच्या स्थानकावर उतरविले. तेव्हा आपापल्या कागदांची पिशवी छातीशी धरून हिंडावे, हेच बरे.

येथवर मी हौसेच्या प्रवासाविषयी बोललो. आता जे सांगणार आहे ते हौसेचे नाही. आपल्या जिल्ह्यातून, आणि विशेषतः निर्मल-जगित्यालकडून, हजारो तरुण आखाती देशांत मजुरीस जातात. त्यांच्याशीही दलाल हीच भाषा बोलतात : ‘आधी एका देशाचा व्हिजिट व्हिसा काढू, तेथे उतर, मग तेथून पुढच्या देशात पाठवू, काम मिळवून देऊ.’ आखाताच्या सहा देशांनी पर्यटकांसाठी एक सामाईक व्हिसा काढण्याचे २०२३ साली मान्य केले, तेव्हापासून या भाषेला अधिकच धार चढली आहे. असा व्हिसा असो वा नसो, एक गोष्ट बदलत नाही. पर्यटकाच्या व्हिसावर केलेली मजुरी ही कायद्याच्या दृष्टीने मजुरीच नव्हे. करार नाही, म्हणून पगार बुडाला तर दाद नाही. मुदत संपली की दर दिवसाचा दंड वाढत जातो. आणि मालकाला हे सारे ठाऊक असते.

जो दहावी झालेला नाही त्याच्या पासपोर्टवर परदेशी कामास जाण्यापूर्वी मंजुरी घेण्याची अट असते. ही अट अठरा देशांकरिता आहे आणि त्यांत आखाती देश येतात. पुष्कळांना ती जाचक वाटते आणि ती चुकविण्यासाठीच व्हिजिट व्हिसाची युक्ती निघाली. परंतु त्या मंजुरीबरोबर लेखी करार येतो, दहा लाखांचा विमा येतो आणि हैदराबादच्या प्रवासी-संरक्षक कार्यालयात आपल्या नावाची नोंद होते. १९८३ च्या कायद्याखाली ज्याची नोंदणी आहे अशा दलालास सेवेपोटी तीस हजार रुपयांहून अधिक घेता येत नाही, वर लागेल तो कर. आणि अशा दलालांची यादी सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने बहिणीच्या लग्नासाठी राखलेली दोन एकर जमीन विकून व्हिजिट व्हिसावर एक देश गाठला, तेथून दुसरा. सात महिन्यांनी वर्गणी काढून त्यास परत आणावे लागले. त्याने माझ्याकडे येऊन आधी विचारले नाही याचे मला दुःख नाही. त्या वेळी विचारले असते तरी मला तरी यातले काय ठाऊक होते? आता ठाऊक आहे, म्हणून बोलतो.

आम्ही ६ जूनला निघालो, दोन दिवस हातचे राखून. निघण्यापूर्वी एक काम उरले होते ते नातवाच्या कागदांचे. तिकडे मूल जन्मल्यापासून तीन दिवसांच्या आत नगरपालिकेत नोंद करावी लागते, ती जावयांनी केली होती. नेदरलंड्समध्ये नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही. आईबाप भारतीय, तेव्हा मूलही भारतीय. हेग येथील आपल्या वकिलातीत वर्षाच्या आत त्याची नोंद करून त्याचा पासपोर्ट काढावयाचा. पासपोर्टसाठी छायाचित्र हवे : डोळे उघडे, तोंड मिटलेले, मागे पांढरा पडदा आणि कुणाचा हात दिसता कामा नये. एक महिन्याच्या पोरास हे कसे सांगावे? सौ.ने पांढरी चादर अंथरली, लेकीने खुळखुळा धरला, मी खुर्चीवर उभा राहून फोटो काढीत होतो. डोळे उघडले की तोंड उघडे, तोंड मिटले की डोळे मिटलेले. चौतिसाव्या वेळी साधले. त्या छायाचित्राची एक प्रत माझ्या पासपोर्टच्या पिशवीत आहे. त्यात बारकाईने पाहिले तर डाव्या कोपऱ्यात सौ.च्या बांगडीची कड दिसते. वकिलातीतल्या माणसाने ती पाहिली नसावी, किंवा पाहून सोडून दिली असावी.